ताईच्या पेनाची कांडी

कामठ्याच्या आमच्या घरात पेन एकच होता आणि तो ताईचा होता. बाबांना सहीपुरतं लिहिता येई, पण त्या सहीलाही इतका वेळ लागे की समोरच्याचा चहा पिऊन व्हावा. मायला तेही येत नव्हतं, आणि मला त्या पेनाला हात लावायची परवानगी नव्हती. ताई गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. हेडमास्तरांनी शाळेच्या पटांगणात सगळ्या गावासमोर तिला तो पेन दिला तेव्हा बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि टाळ्या थांबल्यावरही एकटेच वाजवत राहिले होते. जाडसर, स्टीलचा, मधोमध आट्यांनी उघडणारा पेन. आत पितळेची आखूड, गुबगुबीत कांडी. रिफिल हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. तोवर आम्ही कांडीच म्हणत होतो, आणि मी तर अजूनही म्हणते.

पेन मिळाला त्याच आठवड्यात बाबा तो घेऊन गोंदियाला गेले. बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर एक नाव घालणारा बसायचा. बारीक छिन्नी, लहानशी हातोडी, आणि टकटक करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उठवायचा. लोक त्याच्याकडे परात, पाण्याचे गुंड, पातेली घेऊन जात. पेन घेऊन जाणारे बाबाच पहिले असतील. संध्याकाळी परत आले ते सायकल लावायच्या आधीच ओरडले, "सगुना, बाहेर ये!" पेनावर लिहिलं होतं, कु. सगुणा. आडनाव, बापाचं नाव, काही नाही. मावलंच नसेल किंवा बाबांना गरज वाटली नसेल. ताईनं ते ठिपके बोटानं चाचपून पाहिले आणि मग मायच्या बोटाखाली धरले. मायला वाचता येत नव्हतं, पण ठिपके हाताला लागत होते.

आमचं घर तसं साधंच. पुढं ओसरी, मागं रांधणखोली, आणि मधे एक अंधारी खोली, तिच्यात धानाच्या कोठ्या. सकाळी जाग यायची ती मायच्या सुपाच्या आवाजानं. दुपारी रांधणखोलीतून लाखोळीच्या डाळीला फोडणी दिल्याचा वास यायचा आणि बाजाराचा दिवस असला तर सुक्या झिंग्यांचा, ज्यावरून माझं आणि ताईचं नेहमी भांडण. तिला झिंगे आवडत, मला त्यांचे डोळे दिसत. पण त्या घरातला माझा सगळ्यात आवडता आवाज संध्याकाळचा होता. किराणा दुकानातून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र यायचं, बाबा ओसरीवर भिंतीला टेकून तंबाखू मळत बसायचे, आणि ताई वाचायची. "वाच व सगुना, धानाचा भाव काय म्हन्ते." भाव झाला की पाऊस. पाऊस झाला की इटियाडोह धरणाचं पाणी सोडलं की नाही, कारण मामाच्या धानाच्या बांध्या तिकडच्या कालव्यावर होत्या. ताई सगळं वाचायची, जाहिरातीसुद्धा, आणि वाचता वाचता पेनानं कठीण शब्दांखाली रेघ मारायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच कधी तरी म्हणायचे, "तुले मी मास्तरीन करतो. गोंदियाले ठेवतो शिकाले." हे ते इतक्या वेळा म्हणाले होते की मला ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

आता मी स्वतः म्हातारी झाले आहे आणि बाबांवर रागावायचं वय केव्हाच मागं पडलं आहे. तरी सांगते, तो माणूस खोटं बोलत नव्हता. ज्या संध्याकाळी म्हणाला त्या संध्याकाळी त्याच्या मनात तेच होतं. पण स्थळ आलं आणि ते बिरसीचं आलं. घर चांगलं, ओलिताखालची जमीन, मुलगा निर्व्यसनी. आणि कामठ्याहून बिरसी म्हणजे सायकलवर घाम यायच्या आत पोचावं इतकं जवळ. ह्या शेवटच्या गोष्टीनंच बाबांचा घात केला असं मला वाटतं. मास्तरीण झाली तर पोरगी कुठं कुठं बदलून जाईल, आणि इथं दिली तर डोळ्यांसमोर राहील, असा त्यांनी हिशेब केला. त्या संध्याकाळी ताईनं वर्तमानपत्र उघडलंच नाही.

"बाबा, तुमी मास्तरीन करतो म्हनलं होतं."

"म्हनलं होतं ना. नाही कोन म्हन्ते?" बाबा तंबाखू मळत राहिले. "पन असं घर पुन्हा येते का? आन् बिरसी काय दूर हाये? हाक मारली त आयकू येते."

"मंग म्हनलं कायले?"

तंबाखू मळून झाली होती, तरी बाबा ती मळतच राहिले. ताई उठून आत गेली आणि मायबरोबर भाकरी थापू लागली. रडली वगैरे नाही. आमच्या ताईचं तसं काही नव्हतं. ती रागावली की कामाला लागायची.

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी बाबांनी त्या नाव घालणाऱ्याला गोंदियाहून घरीच बोलावलं. आंदणाची भांडी एवढी होती की ती नेणं-आणणं त्रासाचं. तो अंगणात पोतं टाकून बसला, त्याच्याभोवती पितळ आणि स्टील चमकत राहिलं, आणि सकाळपासून टकटक सुरू झाली. घरात पाहुण्या बाया जमलेल्या, चुलीवर वड्यांचं तेल तापलेलं. ताई पाणी आणायला म्हणून एक गुंड उचलायला गेली आणि थबकली. गुंडाच्या गळ्यावर ताजे ठिपके होते, सौ. रेखा. तिनं दुसरं भांडं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग तिनं मायला विचारलं, "ही रेखा कोन हाये वो?"

सगळ्या बाया खो-खो हसल्या. मामी म्हणाली, "तूच व, येडे! बिरसीवाल्यानं नाव धाडलं हाये." आमच्याकडं सगळ्याच घरी नाव बदलायची रीत नव्हती, पण बिरसीच्या घरी होती. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितो हे मलाही माहीत होतं, पण भांड्यांना तोवर थांबायला वेळ नव्हता. म्हणून ताईला तिचं नवं नाव तांदळाच्या ताटात नाही, गुंडाच्या गळ्यावर कळलं. मीही त्या दिवशी हसले होते. रेखा हे नाव मला फार शहरी आणि झकास वाटलं होतं, सगुणापेक्षा कितीतरी चांगलं.

लग्न झालं. बैलगाडीभर भांडी गेली, ताई गेली, आणि मांडव सोडताना मायच्या लक्षात आलं की ओसरीच्या कोनाड्यात, दिव्याच्या मागं, पेन तसाच आहे. नजरचुकीनं राहिला म्हणावं तर तो स्वच्छ रुमालात गुंडाळलेला होता. माय डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "रागं भरून गेली पोरगी." बाबांनी पेन उघडला. आतली कांडी रिकामी होती. त्यांनी ती उजेडात धरली, फुंकून पाहिली, आणि म्हणाले, "कांडी सरली म्हनून ठेवला असन. सरलेला पेन कोन नेते?" पण त्यांचा त्यावर पुरता विश्वास बसला नसावा. कारण पहिल्या मुऱ्हाळीला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, ताई आली तेव्हा ती बाबांशी "हो", "नाही", "जेवता का" एवढंच बोलली. संध्याकाळी वर्तमानपत्र ओसरीवर होतं, बाबा भिंतीला टेकले होते, आणि ताई आत मायजवळ लसूण सोलत बसली. बाबांनी स्वतःच वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेलं आणि अक्षरावर बोट ठेवत ठेवत काही तरी वाचायचा प्रयत्न केला. मी वाचून दाखवते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "राहू दे."

ती परत गेल्यावर बाबांनी पेन चालू करायचं मनावर घेतलं. मला त्यांनी सरळच सांगितलं, कारण घरात दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. "पेन चालू झाला आन् तिनं हाती घेतला, त समजाचं, पोरगी माह्यावर रागं नाही. नाही घेतला त..." माफी मागणं त्या पिढीतल्या बापाला येत नव्हतं. त्यांना नांगराचा फाळ बसवता येत होता, सायकलचं पंक्चर काढता येत होतं, आणि जे काही म्हणायचं ते त्यांनी त्याच भाषेत म्हणायचं ठरवलं.

पण ती पितळेची कांडी कुठंच मिळेना. गोंदियात दुकानदार मान हलवायचे. "काका, अब ये कौन रखता है? प्लास्टिकवाली ले जाओ." नव्या कांड्या बारीक, लांब, आतली शाई दिसणाऱ्या. बाबांनी त्याच आणल्या. पेनात टाकली की कांडी आत नाचायची, आणि कागदावर टेकवली की गोगलगायीसारखी मागं सरायची. मग तिच्यामागं कागदाची गुंडाळी भरून झाली. दोन ओळी झाल्या की गुंडाळी दबायची आणि टोक पुन्हा आत. मग बांबूची खुंटी तासून झाली. ती चांगली बसली, पण टोकाशी कांडी हलायची ती हलायचीच, अक्षर थरथरल्यासारखं यायचं. धानाची रोवणी तोंडावर आलेली, रोपांचे पऱ्हे तयार, आणि बाबा ओसरीवर चाकू घेऊन बसलेले. माय आतून ओरडायची, "धान सोडून कांड्या कायले भरून राहिले जी? पावसानं पेन पिकणार हाये का?" बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एकदा त्यांनी लाख वितळवून टोकाशी भरायचं काढलं. पळसावरची लाख आमच्याकडं घरोघरी असायची, कोयत्याची मूठ तिनंच बसवायचे. पण कोयत्याची मूठ लाकडाची असते आणि ही कांडी प्लास्टिकची. गरम लाख लागली तशी ती वाकली, शाई सुटली, आणि बाबांचं धोतर गुडघ्यापासून खाली निळं झालं. ते धोतर पुढं कित्येक दिवस ते शेतात नेसायचे. गावातले लोक विचारायचे, "काय जी, काँग्रेसची शाई का कम्युनिस्टाची?" बाबा म्हणायचे, "लेकीची." त्यांनी हे थट्टेनं म्हटलं की तसंच, मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी युक्ती सायकलीनं दिली. चाकाच्या वॉल्व्हवरची ती बारीक रबरी नळी असते, तिचा एक तुकडा त्यांनी कांडीवर चढवला. कांडी टोकाशी घट्ट बसली, मागं बांबूची खुंटी, आणि आट्या फिरवल्यावर आत काहीही हललं नाही. बाबांनी पेन माझ्या हातात दिला. त्या पेनाला मी तेव्हा पहिल्यांदा हात लावला. "लिव," ते म्हणाले. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "सगुना लिव." मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात लिहिलं. अक्षर स्वच्छ, निळं, न थरथरता आलं. बाबांनी तो कोपरा फाडून घेतला आणि किती तरी वेळ हातात धरून पाहत बसले. वाचत होते की नुसते पाहत होते, कोण जाणे.

इथं थांबले असते तर, असं मी आयुष्यात पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. पण त्यांना पेन नुसता चालू करून द्यायचा नव्हता, तो लग्न झालेल्या लेकीला द्यायच्या वस्तूसारखा करून द्यायचा होता. चिंच आणि राख लावून त्यांनी तो लख्ख घासला, आणि घासताना त्यांचं लक्ष नावाकडं गेलं. कु. सगुणा. सवाष्ण बाईच्या हातात "कुमारी" लिहिलेली वस्तू कशी द्यायची? मायला विचारलं तर ती एकदम दचकली. "नका वो, असं देऊ नका. अपशकून होते." आणि खरं सांगायचं तर त्या घरातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जावयाच्या घरी गेलेल्या प्रत्येक भांड्यावर रेखा होतं, मग पेनावर का नको? बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून गोंदियाला घेऊन गेले. तोच नाव घालणारा. त्यानं पेन फिरवून पाहिला, म्हणाला, "काका, पुराना घिसना पडेगा. थोडा दब जाएगा इधर." बाबा म्हणाले, "दबू दे. पन नाव चांगलं टाक. जवायाच्या घरी जाऊन राहिला पेन." कानशीचा आवाज मला आठवतो. टकटकीपेक्षा तो फार वेगळा होता, दात आंबवणारा. जुनं नाव जायला जितका वेळ लागला त्याहून कमी वेळात नवं नाव झालं.

भाद्रपदात तिजेच्या उपासाला लेकी माहेरी आणायची आमच्याकडं पद्धत. तिला आणायला बाबा स्वतः बिरसीला गेले. बैलगाडीत ती मागं बसली आणि बाबा पुढं हाकत राहिले. पेन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. वाटेत देऊ शकले असते, दिला नाही. ताई नंतर म्हणाली की ते सारखे खिशावर हात ठेवून पाहत होते, तिला वाटलं छातीत दुखतं की काय. उपास सुटला त्या सकाळी माय तव्यावर तांदळाचे चिले टाकत होती, बाहेर पाऊस जरा थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. बाबांनी ओसरीवरून हाक मारली, "सगुना, इकडं ये." ताई ओले हात पदराला पुसत आली. बाबांनी खिशातून पेन काढून पुढं धरला. "चालते," एवढंच म्हणाले.

मी दारात उभी होते, मला ताईचा चेहरा समोरून दिसत होता. लग्नानंतर तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. तिनं झटकन पेन घेतला, आट्या फिरवून आत पाहिलं, ती रबरी नळी आणि बांबूची खुंटी पाहून हसली. "हे तुमी केलं, बाबा?" आणि बाबाही हसले, मान खाली घालून, पोरासारखे. तिनं तळहातावर एक रेघ ओढली. पेन चालला. घेतला तिनं. राग नाही. बाबांच्या खांद्यांवरून जणू धानाचं पोतं उतरलं. मग ताईनं सवयीनं ठिपक्यांवर अंगठा फिरवला आणि पेन उजेडाकडं नेला.

"बाबा," ती म्हणाली, "माहा पेन कोठी हाये?"

"हाच त हाये. तुहाच."

"माह्या पेनावर माहं नाव होतं."

बाबांनी समजावून सांगितलं. कुमारी लिहिलेलं सवाष्णीला देत नाहीत, माय पण तेच म्हणाली, नवं नाव चांगल्या अक्षरात टाकलं. ताई ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली, आजाऱ्याशी बोलावं तसं.

"तिथं भांड्याभांड्यावर रेखा हाये, बाबा. सासू रेखा म्हन्ते, तिचा ल्योक रेखा म्हन्ते. माहं नाव या एका पेनावर होतं. म्हनून त मी इथं ठेवून गेल्ती. तिथं नेला असता त कोनी घासून टाकला असता. तुमच्यापाशी राहीन म्हनलं."

बाबांनी विचारलं, "मंग तू रागं नव्हती?"

"होती. पन पेन रागानं नाही ठेवला."

आत चिला करपल्याचा वास आला. माय तवा सोडून दाराशी येऊन उभी राहिली होती. ताईनं पेनाच्या आट्या घट्ट केल्या, माझ्याकडं आली आणि तो माझ्या हातात ठेवला. बाबांकडं न पाहता म्हणाली, "इले शिकवा. पेन चालते आता." आणि तव्याजवळ जाऊन बसली.

त्या एका वाक्यावर माझं आयुष्य उभं राहिलं. बाबांनी मला शिकवलं. ताईच्या त्या वाक्यापायी. जो कोणी स्थळ घेऊन यायचा त्याला ते ओसरीवरूनच परत पाठवायचे. मी गोंदियाला शिकायला राहिले, मास्तरीण झाले, आणि प्रत्येक परीक्षा त्या पेनानं लिहिली. घासलेल्या जागी तो जरासा चपटा झाला आहे, तिथं माझा अंगठा बसतो. वर्गातल्या मुली विचारायच्या, "बाई, तुमचं नाव रेखा आहे का?" मी म्हणायची, माझ्या बहिणीचं. जे तिला मिळायचं ते मला मिळालं, तिच्याच पेनासकट, ह्याचं वाईट वाटणं मला कधी संपवता आलं नाही. ताईनं मात्र एकदाही तसं बोलून दाखवलं नाही. उलट माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं बिरसीहून लाखोळीचे वडे करून धाडले होते.

बाबा त्या तिजेनंतर एकटेच गोंदियाला जाऊन आले होते. घासलेलं नाव परत येतं का, हे विचारायला. नाव घालणारा म्हणाला, गेलेलं परत येत नाही, पाहिजे तर दुसऱ्या बाजूनं नवं टाकून देतो. बाबांना ते पटलं नाही. घरी येऊन एवढंच त्यांनी मला सांगितलं. पण तेव्हापासून त्यांनी एक धरलं. ताईला जिथं भेटतील तिथं "सगुना" म्हणून हाक मारायची, आणि ती मोठ्यानं. बिरसीला गेले की अंगणातूनच सुरू. तिच्या सासूला ते आवडत नसे, जावयाला अवघड व्हायचं, माय त्यांना कोपरानं ढोसायची. बाबा ऐकत नसत. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला विसर पडला आहे. त्यांना काही विसर पडला नव्हता. शेवटच्या आजारपणात आवाज बसला होता तरी ताई आली की ओठ तेवढेच हलायचे. पुढं मायही गेली.

मी निवृत्त झाले त्यालाही आता काळ लोटला. पेन मधली काही वर्षं पेटीत पडून होता. रबर कडक होऊन तुटलं होतं, बांबूच्या खुंटीला कीड लागली होती. यंदा मी म्हटलं, बाबांना जमलं ते मला न जमायला काय झालं. गोंदियाच्या दुकानात पोरगा म्हणाला, "आंटी, नया पेन ले लो ना, इसमें क्या रखा है?" मी त्याच्याकडून जेलची कांडी घेतली, घरी येऊन तिची मागची रिकामी नळी नखं कापायच्या कटरनं बेतानं कापली, भोवती चिकटपट्टी गुंडाळली, आणि खुंटीच्या जागी नातवाच्या खेळण्यातला एक प्लास्टिकचा तुकडा बसवला. बाबांच्या कामाइतकं ते देखणं नाही. पण पेन चालला, आणि हे सगळं मी त्यानंच लिहिते आहे.

चालू झाला तसा तो घेऊन मी बिरसीला ताईकडं गेले. ती अंगणात खाटेवर बसली होती. सून आत, नातवंडं शाळेत, वर गावाशेजारच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांचं विमान घिरट्या घालत होतं, ज्याच्याकडं तिथं आता कोंबडीही मान वर करून पाहत नाही. मी पेन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ताई, दुसऱ्या बाजूला जागा आहे, तुझं नाव घालून आणते. आता मशीननं घालतात, बारीक आणि सुंदर. तिनं पेन उघडून माझी चिकटपट्टी पाहिली, हसली, तळहातावर रेघ ओढून पाहिली.

"चांगला चालते व," ती म्हणाली. "पन नाव लिवून काय करू? लिवलेलं नाव बोलते का?"

मग तिनं पेनाच्या आट्या घट्ट केल्या. विमान लांब गेलं. "बाबा गेले, माय गेली. आता त्या नावानं हाक मारनारं कोनी राहिलं नाही. तू मार ना एकडाव. सगुना म्हन. कसं लागते ते पाहू."

मी हो म्हटलं. जन्मभर वर्गात उभं राहून हजेरी घेतलेली बाई मी, परक्यांच्या किती पोरींना नावानं हाका मारल्या, त्याची गणतीच नाही. पण मोठ्या बहिणीचं नाव मी कधीच घेतलं नव्हतं, लहानपणीसुद्धा नाही. तसं घेतच नाहीत. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती, अगदी उत्सुकतेनं, आणि मी घसा खाकरला, तोंड उघडलं.

"ताई," मी म्हणाले.

तिनं पेन माझ्या हातात परत दिला. "राहू दे व," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सुनेला हाक मारली.